पस्तिसाव्या हिश्श्याची जीप

जीपच्या मागे हे काय बांधलंय, असं जावयाने विचारलं तेव्हा मनसारामने फोटो हातात घेतला, लांब धरला, मग नाकाशी आणला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "हे लष्करी गुपित हाय, जवाईबापू. सांगता येत नाई."

फोटो उलटा होता.

जीपची चाकं आभाळाकडे गेली होती आणि बंपरवर पाय ठेवून उभा राहिलेला तरणाताठा मनसाराम डोक्यावर उभा होता. निकेशने बायकोकडे पाहिलं. रीताने ओठ आवळून मान हलवली, म्हणजे बोलू नका. वरोऱ्याच्या बाजारपेठेत निकेशचं चष्म्याचं दुकान. अर्ध्या तालुक्याला पेपर वाचायला लावला त्याने, आणि खुद्द त्याच्या सासऱ्याला फोटोचं वर कुठे नि खाली कुठे ते समजत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मनसारामचं घर चिमूरच्या अलीकडे, एका जुन्या तलावाच्या काठच्या गावात. बापजाद्यांचा धंदा मासोळीचा. पण हा विशीच्या आत फौजेत गेला, ड्रायव्हर झाला, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या नद्यानाल्यांतून जीप हाकली आणि पेन्शन घेऊन परत आला तो सरळ तलावावर जाऊन जाळं टाकायला लागला. आता पंचाहत्तरीला टेकला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. निकेशने हातापाया पडून एकदा त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढला तर नजर येईल, फार पिकू दिला तर मी खात्री देत नाही. त्यावर मनसारामने एकच वाक्य ऐकवलं आणि तेच आजवर पुरवून पुरवून वापरलं, "मले सगळं दिसते."

काय दिसत होतं ते शेजारच्या भागीरथाबाईला विचारावं. तिच्या दारातल्या म्हशीला मनसाराम रोज सकाळी "राम राम वहिनी" म्हणून जायचा. भागीरथाबाई हे सगळ्या गावाला हसत हसत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "म्हस तरी काऊन कुरकुर करंल? तिले तेवढा मान कोण देते?"

इथवर हसण्यावारी होतं. पण गेल्या श्रावणात तलाव तुडुंब असताना मनसाराम पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता पाय टाकायचा तिथे न टाकता पाण्याच्या बाजूला टाकून मोकळा झाला. बेशरमाच्या झुडपात अडकला म्हणून वाचला. सासूबाई, कुंताबाई, त्या दिवसापासून तो तलावावर गेला की दारात बसून राहायच्या. तो येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुन्हा पावसाळा येणार, पुन्हा तलाव भरणार, आणि हा माणूस पुन्हा त्या पाळीवरून चालणार, ही रीताच्या काळजाला लागलेली खरी भीती होती.

बोलून उपयोग नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातून हा सुंभ फौजेत वळलेला. डोळ्याचं नाव काढलं की मनसाराम उठून जायचा, आणि जाताना दाराच्या चौकटीला धडकला तर चौकटीला शिव्या द्यायचा.

तेव्हा फोटोच्या त्या प्रसंगानंतर घरी येताना मोटारसायकलवर मागे बसलेली रीता म्हणाली, "अवो, तुमी बाबाची जीप बनवा."

निकेशने गाडीच थांबवली.

आता हे सांगायला हवं, की निकेशला एक खूळ होतं. दुकानात चष्म्यांच्या मागच्या कपाटात त्याने फौजी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या होत्या. जीप, जोंगा, छोटा ट्रक, सगळ्या खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर मावतील अशा. चष्म्याचे स्क्रू बसवायची अवजारं हाताशी असली आणि गिऱ्हाईक कमी असलं की माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. या कपाटाबद्दल मनसारामचं मत लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं होतं. "माहा जवाई भावल्या खेळते," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि निकेशला "जवाईबापू" अशा काही मानाने हाक मारायचा की तो मान अंगावर यायचा.

"बनवून?" निकेशने विचारलं. "फोटो उलटा धरला त्यायनं. जीपही उलटीच धरतील."

"तेच तं," रीता म्हणाली. "हातात देऊ. बाबाले त्या जीपचा जीव की प्राण हाय. हातात हाय अन् दिसत नाई, असं झालं म्हणजे तडफडतील. तडफडू द्या."

बाईचं डोकं खरंच चालतं, असं निकेशला वाटलं. आणि त्याच वेळी धोकाही कळला. कारण जीपचं एक चाक जरी इकडचं तिकडे झालं, तरी म्हातारा "हे माही जीप नाई" म्हणून बाजूला ठेवणार, आणि मग डोळ्याचं नाव पुन्हा कोणी काढू शकणार नाही. जीप हुबेहूब व्हायला हवी होती. आणि ती हुबेहूब कशी होती ते ज्याला माहीत, त्याने गुपिताची शपथ घेतलेली.

राहिला तो एक फोटो. काळापांढरा, कोपरे खाल्लेला. पुढची बाजू स्वच्छ होती. मागचीच बोंब होती. जीपच्या मागच्या अंगाला, स्टेपनीच्या शेजारी, काहीतरी गुंडाळून बांधलेलं होतं. बोचकं म्हणावं तर बोचकं, गाठोडं म्हणावं तर गाठोडं. त्याच्या कडेकडेने पांढरे बारीक ठिपके.

निकेश व्हॉट्सअपवर अशाच खुळ्यांच्या एका गटात होता. गटाचे पुढारी नागपूरचे भैयाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. फौजेच्या कुठल्या गाडीला कुठल्या साली कुठला नट होता, हे विचारलं तर सांगत आणि नाही विचारलं तरी सांगत. फोटो टाकल्याबरोबर गटात रणधुमाळी माजली. एकाने ते तंबूचं कापड ठरवलं. दुसऱ्याने दोरखंड. तिसऱ्याने, जो दर वेळी हेच म्हणायचा, पॅराशूट ठरवलं. शेवटी भैयाजींनी निकाल दिला. "कॅमोफ्लाज जाळी. गाडीवर टाकून ती झाडोऱ्यात लपवायची हिरवी जाळी. प्रत्येक गाडीला असायचीच. विषय संपला."

"अन् ते ठिपके?" निकेशने विचारलं.

"धूळ. जुन्या फोटोवर धूळ बसते. धुळीचं मॉडेल बनवू नका."

गट दोन दिवस हसत होता. निकेशने धूळ सोडून दिली.

पण ती जाळी बांधायची कशाला? कडी होती, हुक होता, की पट्टा? फावडं-कुऱ्हाडीच्या कड्या नेमक्या कुठे? फोटोत कड्या मनसारामच्या गुडघ्याने झाकलेल्या आणि मागची बांधणी त्या गाठोड्याखाली. खरी जीप पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि एक दिवस बायफोकल न्यायला आलेल्या एका ठेकेदाराने सहज सांगितलं, की भामरागडला चैतू नावाच्या माणसाकडे तशी एक जुनी जीप आहे. फौजेच्या लिलावातून कोण्या बांबूवाल्याने आणलेली, त्याने जाताना चैतूच्या बापाला देऊन टाकलेली. "अजून चालते?" निकेशने विचारलं. "चालते कधी कधी," ठेकेदार म्हणाला. "थांबते मात्र हमखास."

पावसाळ्यात तिकडच्या नद्या आपल्या मर्जीने रस्ता बंद करतात, म्हणून निकेश मार्चमध्येच निघाला. चंद्रपूर, आलापल्ली, पुढे जंगलच जंगल. झाडाखाली मोहफुलांचा सडा, वेचायला बसलेल्या बाया, आणि एसटीत उघड्या खिडक्यांतून येणारा तो गोड, जड वास. एसटीने भामरागडला उतरवलं तेव्हा निकेशच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत मोजपट्टी, व्हर्नियर, बॅटरी आणि भिंग. लग्नाला जाणाऱ्या माणसाचं हे सामान नव्हे.

चैतूची जीप नदीच्या वाटेवर झाडाखाली उभी होती. रंग कुठला ते पाचसहा थरांखाली लपलेलं. बोनटवर कोंबडी बसलेली. पण डाव्या अंगाला निकेशला ज्या दोन कड्या दिसल्या त्या पाहून त्याने पिशवी खाली ठेवली आणि वाकून भिंग लावलं. फावड्या-कुऱ्हाडीच्या अस्सल कड्या! त्यात चैतूने स्वतःची कुऱ्हाड अडकवलेली होती, म्हणजे अर्धशतक उलटलं तरी जागा बदललेली नव्हती. निकेशने जीपला जवळजवळ नमस्कारच केला.

"घ्यायची हाय का?" चैतूने विचारलं. पन्नाशीचा, हसऱ्या डोळ्यांचा, कमरेला पंचा.

"घ्यायची नाई भाऊ. मोजायची हाय."

चैतूने त्याच्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं, जणू तिलाही साक्षीला ठेवत होता. "मोजा," तो म्हणाला.

निकेश जीपच्या खाली शिरला. व्हर्नियर घेऊन तो बंपरच्या हुकाची जाडी मोजत असताना त्याला चार बूट दिसले. गस्तीवरचे दोन जवान होते. या मुलखात बाहेरचा माणूस फौजी जीपखाली बॅटरी घेऊन पालथा पडलेला सापडला, तर त्याला चहा विचारत नाहीत. निकेश सरपटत बाहेर आला, अंगाला माती, हातात भिंग. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, पस्तिसावा हिस्सा, सासरा, मोतीबिंदू, उलटा फोटो. मोबाइलवर आपल्या कपाटातल्या गाड्या दाखवल्या. धाकट्या जवानाने फोटो मोठा करून पाहिला.

"एवढीशीच? तळहातावर?"

"हो जी."

"मंग ऍव्हरेज किती देते?"

मोठा जवान हसला, तेव्हा कुठे निकेशच्या जिवात जीव आला. ओळखपत्र पाहून, दुकानाचा नंबर लावून पाहून ते निघाले. जाताना मोठा म्हणाला, "माह्या बापाले बी दिसत नाई. तुमचं जमलं तं सांगजा."

राहिलं होतं ते मागचं अंग. तिथे स्टेपनीच्या शेजारी हुक होता, अगदी फोटोतल्या गाठोड्याच्या जागी, आणि त्या हुकाला चैतूने मासे धरायचं फेकजाळं गुंडाळून लटकवलं होतं. ओलसर, चिखलाचा वास येणारं.

"भाऊ, हे जाळं जरा काढता का? फोटोत मधी येऊन राह्यलं."

"काऊन? ते गाडीचंच हाय."

"गाडीचं नाई हो, तुमचं हाय."

"मीबी गाडीचाच हाय," चैतू म्हणाला. "अन् एक सांगतो भाऊ. नदीच्या मुलखात जाळं घरी ठेवून निघते तो उपाशी ड्रायव्हर. गाडी बंद पडली का गाडीले शिव्या देत बसाचं नाई. जाळं काढाचं."

निकेश सभ्यपणे हसला. जाळं त्याने आपल्या हाताने काढलं, त्याची शिशाची मणीदार कड जमिनीवर खळखळली, ते झाडाच्या मुळाशी ठेवलं आणि रिकाम्या हुकाचे चारी अंगांनी फोटो काढले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याला शाळेत दहा ओळींच्या विस्तारासह पाठ होती.

मग दीड-दोन महिने निकेशने दुकानातला मागचा बल्ब विझू दिला नाही. गिऱ्हाइकं तक्रार करू लागली, की डावी काच उजवीकडे बसवून देतो. जीप मात्र होत गेली. चैतूच्या कड्या, चैतूचा हुक, फोटोतला बंपर, तीन लिव्हर, वायपरची काडी. कॅमोफ्लाज जाळीसाठी त्याने जखमेला बांधायची पट्टी आणली, तिचा तुकडा गोंदाच्या पाण्यात भिजवून हिरवा रंगवला, गुंडाळला आणि हुकाशी चिकटवून टाकला. गटावर फोटो गेला. भैयाजी म्हणाले, "निर्दोष." भैयाजींनी हा शब्द आजवर फक्त स्वतःच्या कामाला वापरला होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी, पाखरूसुद्धा बाहेर दिसत नव्हतं तेव्हा, निकेश आणि रीता चिमूरकडच्या त्या घराच्या ओसरीवर बसले होते. कुंताबाईंनी आंब्याचं पन्हं आणलं. रीताने डबा उघडला आणि जीप बापाच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, तुमची जीप."

मनसारामने ती तळहातावर तोलून पाहिली. त्याने डोळ्यांशी नेण्याचं नाटकही केलं नाही. दुसऱ्या हाताची बोटं त्याने जीपवर ठेवली आणि चाचपत चालला. आयुष्यभर चिखलात हात घालून मासा ओळखलेली ती बोटं. बंपर. हुक. बोनटची पकड. स्टिअरिंग, त्याच्याखालून लिव्हर, एक, दोन, तीन. बोट तिसऱ्या लिव्हरवर आलं तेव्हा म्हाताऱ्याचा डावा पाय आपोआप क्लच दाबल्यासारखा हलला. निकेशने तो पाहिला. तो श्वास रोखून बसला होता, बोर्डाचा निकाल लागायच्या दिवशी बसला होता तसा.

बोटं डाव्या अंगाला फिरली. फावडं, कुऱ्हाड. "बरोबर," मनसाराम पुटपुटला. बोटं मागे गेली. स्टेपनी. जेरीकॅन. हुक. आणि तिथे थांबली.

"हे काय हाय?"

"कॅमोफ्लाज जाळी, मामाजी."

"हे नाई."

"फोटोत हाय. भैयाजी म्हणाले—"

"भैयाजी होता का तिथी?"

मनसारामने नखाने जाळीचा कोपरा उकरला, गोंद तडकला, हिरवी पट्टी सुटून ओसरीवर पडली. रीताने डोळे मिटून घेतले. सगळं संपलं, असं निकेशला वाटलं. दोन महिन्यांची मेहनत, भामरागडची वारी, बुटांसमोरचं ते लोटांगण, सगळं एका नखाने गेलं.

पण मनसारामने जीप खाली ठेवली नाही. छातीशी धरली.

"फौजेची जाळी गाडीच्या आत, सीटखाली राहे," तो म्हणाला. "हुकाले माहं जाळं होतं. फेकजाळं. बापानं विणलेलं, मी भरती झालो तवा पिशवीत टाकून देल्लं. तिकडं नद्याच नद्या. साहेब पाह्यला आला का मी म्हणो, साहेब, हे गाडी लपवाचं हाय. साहेबाले सगळं समजे. पण संध्याकाळी मासोळी त्याच्याबी ताटात जाय ना!"

"म्हणजे हेच ते गुपित?" रीताने विचारलं.

"मंग का तोफेचं गुपित मले सांगून ठेवलं होतं?"

कुंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात हे त्यांनीही आजच ऐकलं होतं. निकेशच्या डोळ्यांपुढे मात्र झाडाच्या मुळाशी ठेवलेलं एक ओलं जाळं उभं राहिलं, आणि कडेकडेने खळखळणारे शिशाचे मणी. धूळ! भैयाजींची धूळ! त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"घरी आणलं नाई ते?" त्याने विचारलं.

मनसारामची बोटं रिकाम्या हुकावर फिरत राहिली. "फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्यात चाक रुतलं. मागे दोघं पडले होते, रगतानं भरलेले. फळी नाई, फांदी नाई. बापाचं जाळं चाकाखाली टाकलं अन् गाडी काढली. दोघंबी जगले. जाळ्याचं सूत बी उरलं नाई." त्याने जीप मांडीवर टेकवली. "बापाले सांगतलं, हरवलं. म्हातारा एक सबद बोलला नाई. दुसरं विणाले बसला."

बाहेर भागीरथाबाईची म्हैस तेवढी हंबरली.

"मामाजी, मी बनवतो," निकेश म्हणाला. "फेकजाळं बनवून लावतो."

"तुमी? पट्टीचं? जाळं तुमच्या भावल्यायचं काम नाई, जवाईबापू. माह्या बापाची गाठ मले येते. कुंते, सूत आण. बारीक सूत."

आणि मग रीताच्या बेताबाहेरचं सुरू झालं. कुंताबाईंनी शिवणाच्या डब्यातलं सूत आणलं. मनसारामने बांबूची एक काडी तासून सुई केली, पाय पसरून बसला आणि विणायला लागला. मोठं जाळं तो डोळे मिटून विणायचा, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण तळहातावरच्या जीपचं जाळं म्हणजे त्याचे फासे मोहरीएवढे. बोटाला मोहरी कळते, मोहरीतली गाठ कळत नाही. पहिली गाठ सुटली. दुसरी भलतीकडे पडली. तिसरीला सूत तुटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटलं. निकेश पुढे सरकणार तोच रीताने त्याचं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड पक्की होती.

मनसारामने सूत भिरकावलं. सुई भिरकावली. मग तीच सुई शोधायला ओसरीवर दोन्ही हात फिरवू लागला. सुई त्याच्या गुडघ्याशी होती. सगळ्यांना दिसत होती. कुणी सांगितलं नाही. फार क्रूर वाटलं निकेशला, पण त्यानेही सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने हात थांबवले.

"चष्मेवाले," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुमचा तो डॉक्टर कवा बसते?"

पाऊस लागायच्या आधी, आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याची पट्टी सोडली त्या सकाळी दवाखान्यात तिघंही समोर उभे होते. मनसारामने आधी कुंताबाईंकडे पाहिलं. "केस पिकले तुहे," तो म्हणाला. "मालूम हाय मले," कुंताबाई म्हणाल्या. मग रीताकडे पाहिलं, आणि तिच्या गालावर हात ठेवला. मग निकेशकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं. दुसऱ्या बाजूला कलतं करून पाहिलं.

"मिशी कवा काढली?"

निकेशने स्वतःच्या ओठावर हात फिरवला. "मामाजी, मले मिशी कवाच नव्हती."

"कवाच नाई? लग्नातबी नाई?"

"नाई जी."

"मंग एवढे साल मी कोणासंग बोलून राह्यलो?"

रीता इतकी हसली की नर्स धावत आली, आणि हसता हसता केव्हा रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. मनसाराम मात्र गंभीर होता. फसवणूक झाल्याचा भाव तोंडावर. "ठेव तं मिशी," तो अखेर म्हणाला. "ज्या जवायाले पोरगी देल्ली त्याले शोभत होती."

दवाखान्यातून निघताना निकेशने भामरागडच्या त्या मोठ्या जवानाला आठवणीने निरोप पाठवला. जमलं.

डॉक्टरांनी तलावावर जायला बंदी घातली. धूळ नको, पाणी नको, ओझं नको. मोकळे हात आणि नवी नजर घेऊन मनसाराम ओसरीवर बसला आणि पुन्हा सूत हातात घेतलं. निकेशने त्याला जवळचा चष्मा करून दिला, दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम, आणि म्हाताऱ्याने तो कुरकुर न करता नाकावर चढवला. रोज थोडं थोडं जाळं वाढत गेलं. कडेच्या मण्यांसाठी निकेशने शिशाच्या तारेचे बारीक थेंब पाडून आणले. मनसारामने ते चिमट्याने एकेक ओवले, आणि चार पडले तेव्हा चारही स्वतः शोधून उचलले. भागीरथाबाई येऊन बघून गेली. आता सकाळी तिला "राम राम वहिनी" मिळत होतं, आणि म्हशीला मिळत नव्हतं. म्हैस तेव्हापासून कमी दूध देते, असं भागीरथाबाईचं म्हणणं.

पाऊस लागला, तलाव भरत आला, तेव्हा जाळं पुरं झालं. निकेश गोंदाची बाटली घेऊन हजर.

"ते ठेव बाजूले," मनसाराम म्हणाला. "जाळं चिकटवत नाई. बांधते. वक्ताले सुटलं पायजे."

त्याने ते इवलंसं फेकजाळं गुंडाळलं, हुकाला अडकवलं आणि बापाची गाठ मारली. मग चष्मा सावरून जीप डोळ्यांपुढे धरली, सरळ धरली, आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. "माही यापेक्षा मोठी होती," एवढंच म्हणाला. निकेशने पुसायला रुमाल दिला, तर म्हणाला, धूळ गेली डोळ्यात.

निकेशने तिथल्या तिथे फोटो काढून गटावर टाकला. भैयाजींचं उत्तर यायला वेळ लागला नाही. निकेशने ते मोठ्याने वाचून दाखवलं, "गाडी उत्तम. मात्र मागच्या जाळीच्या कडेला धूळ बसली आहे. ब्रशने झटकून घ्या."

मनसारामने निकेशच्या हातातला मोबाइल घेतला, ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी, ओठ हलवत, एकेक अक्षर करून वाचली. मग खुसखुसत मोबाइल परत दिला.

"सांगू नको त्याले, निकेश," तो म्हणाला. "लष्करी गुपित हाय."

निकेशने आपल्या नव्या, अजून धड न आलेल्या मिशीवरून बोट फिरवलं आणि भैयाजींना लिहिलं, की धूळ मुद्दाम ठेवली आहे.